तिसावा अंगठा

पेशंटला नाही म्हणायचा हक्क असतो, हे बायकांना ठाऊक आहे का? नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अक्षदाला एवढंच तीस जणींना विचारायचं होतं. कशेळ्याजवळच्या त्या वाडीत एकोणतीस जणींनी संमतीपत्र वाचून व्हायच्या आतच अंगठा पुढे केला, आणि वर म्हणाल्या, "दवाखान्यात नाय कोन म्हनतं गं?"

अहवाल उद्या द्यायचा होता आणि जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटच्या इंदूबाईंनी मात्र सगळा कागद वाचून घेतला आणि शाईचा पॅड मागे सारला.

"मी नाय देत अंगठा."

"अहो मावशी, एकच राहिलाय. पाया पडते तुमच्या!"

"आत्ता तूच वाचलंस ना, मर्जी आसंल तरच? माजी मर्जी नाय."

संमती नाही तर नोंद नाही, नियमच तसा. चडफडत अक्षदा जीपमध्ये चढली. शेजारी बसलेल्या प्रवासी बाईने कागद पाहताच विचारलं, "अंगठा कुटं लावू?"

दुसऱ्या दिवशी निष्कर्ष लिहिताना तिचा पेन दोनदा अडला.



'तीसपैकी एकाही बाईला नकाराचा हक्क ठाऊक नाही.'