नान कसा लागतो

दोऱ्याची दुकानं मागे पडली तरी ओयी थांबली नाही, तेव्हा तिच्या मागावर असलेल्या नोझिमाने पावलं भराभर उचलली.

ओयी म्हणजे तिची आई, मुहय्यो. दर गुरुवारी “दोरा आणते” म्हणून ती मार्गिलान शहराच्या बाजारात जायची आणि नको तितका वेळ लावून परतायची. येताना चेहरा धुतलेला असायचा, केसांच्या कडा ओल्या. नऊ वर्षांच्या नोझिमाने त्याचा एकच अर्थ लावला होता. ओयी कुठेतरी जाऊन रडते. कुठे आणि कुणापाशी, एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि आज शाळा लवकर सुटली होती.

कशासाठी रडते, ते विचारायची गरज नव्हती. नोझिमाला गहू चालत नव्हता. चुकून कण पोटात गेला तरी ती आठवडाभर अंथरुणात. ती अगदी तान्ही असताना डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून घरात गव्हाचं पीठ आलं नव्हतं. बाबा कारखान्यातच जेवून यायचे. “नानाशिवाय जेवायला दस्तरखान पसरायचा तरी कशाला?” असं म्हणत बुवी, तिची आजी, काकांकडे राहायला गेली होती. ओयी मक्याची भाकरी थापायची आणि लेकीबरोबर तीच खायची. म्हणायची, “मला नान कधी आवडायचाच नाही.”

ओयी वळली ती तंदुरांच्या गल्लीत. गल्लीच्या अलीकडून पाण्याचा पाट वाहत होता. ओयी फळीवरून पलीकडे गेली. नोझिमा अलीकडेच तुतीच्या झाडामागे थांबली.

पलीकडे नान भाजून विकणारी रिसोलत खाला तंदुरात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिने एक नान ओढून काढला, झटकला आणि काही न विचारता ओयीच्या ओढणीत टाकला. ओयी पालथ्या खोक्यावर बसली. तिने नान मोडला. वाफ निघाली. तिने घास घेतला, खाला काहीतरी बोलली, आणि ओयी भरल्या तोंडाने हसली.

नोझिमा बघतच राहिली. घरी ओयी उभ्याउभ्या जेवायची, नजर सगळी नोझिमाच्या ताटात. इथे ती पाय पसरून बसली होती, आणि खाणं सोडून तिला दुसरं काही काम नव्हतं.

“कुणाची गं तू?” खाला ओरडली. “झाडामागे लपायला चोर आहेस की मांजर?”

ओयीने वळून पाहिलं. हातातला नान ओढणीखाली गेला आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो सवयीचाच. “तिथेच थांब! पुढे येऊ नकोस, पीठ उडतंय!”

दोघींच्या मधून पाटाचं पाणी वाहत होतं.

“दोरा घ्यायला आले होते,” ओयी म्हणाली.

“तुझ्या ओठाला तीळ लागलाय.”

ओयीने घाईघाईने तोंड पुसलं. “एकच तुकडा गं पोरी. खालांनी आग्रह केला म्हणून.”

“मी कशाला आग्रह करू?” खाला म्हणाली. “दर गुरुवारी आपणहून येते, अख्खा संपवते आणि घरी कण जाऊ नये म्हणून पाटावर तोंड धुऊन जाते. मी आपला चहा देते फक्त.”

“खाला!”

ओयीची मान खाली गेली. “रागावलीस?” तिने इतक्या हळू विचारलं की नोझिमाला ते ओठांवरूनच कळलं.

नोझिमाने मनात राग शोधून पाहिला. सापडला नाही. तिथे दुसराच एक प्रश्न होता, घरात कुणाला विचारता न आलेला.

“कसा लागतो?”

“काही खास नाही.”

“खोटं. मग एवढ्या लांब आली असतीस का?”

खाला फिस्सकन हसली. ओयीने ओढणीखालचा नान बाहेर काढला आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखा न्याहाळला.

“मध्ये पातळ असतो. कुरकुरीत.”

“मोठ्याने बोल. पाण्यात ऐकू येत नाही.”

“कुरकुरीत!” ओयी ओरडली. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. “आणि कडेला मऊ! उशीसारखा!”

“गोडसर लागतो, पोरी,” खरबुजांची गाडी ढकलणारा एकजण म्हणाला. “दूध घालतात त्यात.”

“गोड कसला?” शेजारच्या तंदुरावरची बाई तडकली. “रिसोलतच्या नानात मिठाचा खडा असतो नुसता!”

“तुझ्या जिभेवरच खडा आहे,” खालाने सुनावलं. “माझा नान खारट वाटतो म्हणे!”

“तुम्ही कुणी नका सांगू!” नोझिमाने पाय आपटला. “मला ओयीकडून ऐकायचंय.”

 ओयीच्या हातात कडेचा तुकडा होता. तिने तो तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला.

“तुझ्यासमोर खाल्लं तर तुला वाईट नाही का गं वाटणार?”

नोझिमाने विचार केला. “वाटेल थोडं,” ती म्हणाली. “पण तू इथे रडायला येतेस असं मला वाटत होतं.”

 खालाने तिच्यापुढे चहाचा प्याला सरकवला आणि आपलं तोंड तंदुराकडे फिरवलं. मग ओयीने तो तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले आणि सावकाश चावायला लागली.

“आता?” नोझिमाने विचारलं. “आता काय होतंय?”

ओयीचं तोंड भरलेलं होतं. डोळे न उघडता तिने एक बोट वर केलं. थांब.

नोझिमा पाटाच्या काठावर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले.