पहिली मूठ

कोंडाजींची शवपेटी खड्ड्यात उतरत होती. दोर धरलेले चौघे घामाघूम झाले होते. पलीकडे खालापूरच्या वाटेपर्यंत भात कापलेली खाचरे मोकळी पडली होती. जयवंताने वाकून मूठभर माती उचलली. पहिली मूठ लेकीची, मग इतरांची, असे उपदेशक सहदेव यांनी सांगून ठेवले होते.

"कोणतं स्तोत्र घ्यायचं?" त्यांनी विचारले.

कर्जतच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कोंडाजींनी तीस वर्षे पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांखेरीज एक ओळ गाऊ दिली नव्हती. आई गेली तेव्हा जयवंता सोळा वर्षांची होती. तिने आईसाठी एक गीत रचले, जात्यावरच्या ओवीच्या चालीत. कोंडाजींनी ते उपासनेत म्हणू दिले नाही. "देवानं दिलेलं देवाला गावं, पोरी. आपलं रचलेलं गाताना माणूस स्वतःलाच ऐकत बसतो," एवढेच ते म्हणाले होते. वीस वर्षे तिने ते गीत कोणापुढे म्हटले नाही. वडिलांना क्षमाही केली नाही.

"आज तुझंच होऊ दे गं," मंडळीतली मोतीबाई म्हणाली. "आता म्हाताऱ्याची हरकत नाय."

एक-दोघे हसले आणि ओशाळले. सहदेवांनी मान डोलावली.

जयवंताने सुरुवात केली. पहिली ओळ फार वर लागली, ती तिने खाली घेतली. दुसऱ्या कडव्यातला एक शब्द तिला वर्षानुवर्षे खटकत होता. तो तिने गाताना बदलला आणि तो नेमका बसला. बायकांनी ध्रुवपद उचलले. तिची मिटलेली मूठ मांडीवर ठेका धरत होती. शेवटचे कडवे तिने दोनदा घेतले. दुसऱ्यांदा ते अधिक चांगले झाले.

मोतीबाईने डोळे पुसले. "काय गळा गं तुझा. ते दुसरं कडवं पुन्हा म्हण, मला पाठ करायचंय."

जयवंताने खाली पाहिले. चौघे फावडी टेकून तंबाखू मळत होते. त्यांच्या पायाशी मातीचा उंचवटा होता, वरून थापून सारखा केलेला. एकही ढेकूळ पेटीवर पडल्याचे तिला आठवेना.

"दोनदा हाक मारली, जयवंताबाई," सहदेव हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही गाण्यात होता."

तिने मूठ उघडली. माती तशीच होती, घामाने भिजलेली, तिच्या बोटांचे ठसे उमटलेली.