रिकामा रकाना

“बाई, हा रकाना रिकामा आहे,” असं म्हणत रकानेकाकांनी लाल पेन्सिलीनं अर्जावर गोल केला आणि फाईल चौथ्यांदा काचेखालून परत सरकवली.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण घरोघरी नर्स पाठवणाऱ्या त्या संस्थेत सगळे त्यांना रकानेकाकाच म्हणत. नर्सच्या जागेसाठी तिनं अर्ज आणला, तेव्हा पहिल्या खेपेला त्यांना तिच्या फोटोत कान दिसले नव्हते. दुसऱ्या खेपेला नोंदणीपत्रावर माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं, म्हणून प्रतिज्ञापत्र हवं झालं. तिसऱ्या खेपेला तेही आणलं, तर त्यात एका अक्षरावर दुसरं अक्षर गिरवलेलं निघालं. “खाडाखोड चालणार नाही,” ते म्हणाले होते. “नवीन करून आणा.” हेलपाटे घालून तिच्या चपलेचा अंगठा तुटला. नवरा म्हणाला, तुझ्या नर्सिंगच्या परीक्षेपेक्षा हीच अवघड दिसते. थट्टा करायचा, पण दर खेपेला अर्धी रजा टाकून तिला स्कूटरवरून आणून सोडायचाही तोच.

आज शेवटचा दिवस होता. पाचच्या आत फाईल जमा झाली नाही, तर नेमणूक यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आणि तिला पुढची यादी नव्हतीच. वयाची अट आडवी येणार होती. चाळिशीला टेकल्यावर, थोरल्याच्या दहावीबरोबर एकाच टेबलावर बसून तिनं अभ्यास केला होता. घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.

रिकामा रकाना होता अनुभवाचा. तो तिनं मुद्दामच सोडला होता. एवढी घोडी झालेली बाई आणि अनुभव काही नाही, हे स्वतःच्या हातानं लिहायची तिला लाज वाटली होती.

“काही नाहीच, तर काय लिहू, काका?”

“निरंक लिहा. नसणं वेगळं आणि न विचारणं वेगळं, बाई. रिकामी जागा बघून मला कसं कळायचं, तुमच्याकडे अनुभव नाही, की तुम्हाला कुणी विचारलंच नाही?”

तिनं मुकाट्यानं ‘निरंक’ लिहिलं. काकांनी शिक्का मारला. बाहेर येऊन तिनं त्यांच्या नावानं दहाही बोटं मोडली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

सोमवारी तिला पहिलं घर मिळालं. रुग्ण एक म्हातारे शिंपी होते. त्यांच्या पायाला जखम होती, कान जवळजवळ गेलेले होते. आधीची नर्स दोन महिने नुसतं ड्रेसिंग करून जायची. आता जखमेत पू झाला होता आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच इंजेक्शन लिहून दिलं होतं. तिनं हात धुतले, इंजेक्शनचं सामान मांडलं आणि भेटीचा कागद भरायला घेतला. नाव, वय, नाडी, रक्तदाब. मग आला औषधाच्या ॲलर्जीचा रकाना.

“तो राहू द्या, सिस्टर,” सून म्हणाली. “आधीच्या बाईही रिकामाच सोडायच्या. बाबांना कसलाही त्रास नाही. मी आठ वर्षं बघतेय.”

तिचा पेन पुढच्या रकान्याकडे सरकलाही होता. पण डोळ्यांसमोर ती मेली लाल पेन्सिल आली. ‘निरंक’ लिहायचं तर आधी विचारायला हवं. ती म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, “आजोबा, कुठल्या औषधानं कधी त्रास झाला होता का?”

म्हातारे विचारात पडले. मग म्हणाले, “झाला होता की. इंजेक्शन दिलं आणि ओठ सुजले, श्वास कोंडला. चार दिवस दवाखान्यात होतो. सूनबाई यायच्या आधीची गोष्ट. मशीनच्या खणात चिठ्ठी असेल बघा.”

सुनेनं शिलाई मशीनचा खण उपसला. बॉबिनी आणि बटणांच्या खाली पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. तिच्यावर ज्या औषधाचं नाव होतं, तेच ट्रेमधल्या बाटलीवर होतं.

सून चिठ्ठी घेऊन सासऱ्यांच्या कानाशी वाकली. “बाबा, हे कधी बोलला नाहीत ते?”

“कुणी विचारलंच नाही,” म्हातारे म्हणाले.

इंजेक्शनचा ट्रे बाजूला सारून तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसरं औषध सांगितलं. निघताना सुनेनं तिचे दोन्ही हात धरले. ती जिना उतरली. मग घरी जायच्या ऐवजी तडक ऑफिसात गेली.

रकानेकाकांनी भेटीचा कागद घेतला. लाल पेन्सिल एकेका रकान्यावरून खाली उतरली आणि ॲलर्जीपाशी थांबली. तिनं घडलं ते सगळं सांगितलं.

“तुमचे उपकार कसे फेडू, काका? त्या दिवशी मी तुमच्या नावानं बोटं मोडली होती.”

“सगळेच मोडतात,” काका म्हणाले. मग ते उठले, कपाटातून तिची फाईल काढली आणि तिचा अर्ज उघडला. तिला वाटलं, आता आणखी काय राहिलं?

काकांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली आणि खिशातला पेन काढला. अनुभवाच्या रकान्यातलं ‘निरंक’ त्यांनी सरळ रेघ मारून खोडलं, शेजारी आपली सही केली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘आहे’.