हे आपल्या दोघांत

“हे बघ छाया, हे आपल्या दोघांतच राहू दे,” ज्ञानेश विधाते सवयीने बोलून गेला आणि तिथेच अडखळला. आजची गोष्ट दोघांत राहण्यासारखी नव्हती. संध्याकाळपर्यंत साऱ्या ऑफिसला कळणार होतं, की छायाची नोकरी गेली.

ओझरला द्राक्षांचं मोठं शीतगृह उभं राहत होतं. त्याच्या आराखड्यांचं काम ज्ञानेशकडे होतं आणि त्याच्या हाताखाली पाच जण होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या साहेबांनी फर्मान काढलं, की महिन्यातून एकदा प्रत्येकाला एकट्याला केबिनमध्ये बसवून बोलायचं. पगार वाढवायचा नव्हता, तर निदान माणसं खूश ठेवायची. ज्ञानेशला ही विद्या चटकन साधली. दार लावायचं, चहा मागवायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, “बाकीचे काय, हजेरीपुरते. हे काम उभं आहे ते तुझ्यामुळे.” ऐकणारा छाती फुगवून बाहेर पडायचा. मग पुढचा आत.

काल मुंबईचा फॅक्स आला, एक माणूस कमी करा. ज्ञानेशने छायाचं नाव कळवलं. तिचं काम वाईट होतं म्हणून नव्हे. बाकीच्यांत कुंदन आरडाओरडा करेल, दीपकच्या मामाची वर ओळख आहे. छाया मुकाट्याने जाईल, एवढंच.

त्याने घसा साफ केला. “वरून आलंय गं. माझ्या हातात काही नाही. या महिन्यानंतर…”

“कळलं, सर.”

ती रडली नाही. ज्ञानेशला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. ती झाकायला तो घाईघाईने म्हणाला, “तुला म्हणून सांगतो, हे काम उभं आहे ते…”

“राहू द्या, सर. तुम्ही आत काय म्हणालात, ते जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे एकमेकांना सांगतो. शब्दसुद्धा तेच असतात. कुंदन तर तुमचा आवाज काढून दाखवतो.”

ज्ञानेशचे कान तापले. दोन वर्षं बाहेर आपलं हसं होत होतं आणि आपण आत बसून चहा पाजत होतो! त्याला तिच्याकडे बघवेना. तो काचेतून बाहेर पाहू लागला. बाकावर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा मेथीच्या जुड्यांची पिशवी मांडीवर धरून बसला होता.

“ते माझे वडील,” छाया म्हणाली. “मखमलाबादहून आलेत. साहेबांना एकदा भेटायचंय म्हणून कधीचे मागे लागले होते, नेमके आज आले. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला खरं वाटलं होतं, सर. मी घरी जाऊन सांगितलं. ते गावभर सांगत सुटले, ‘माझ्या पोरीबिगर सायबाचं काम नाय चालत.’ सिन्नरचं चांगलं स्थळ चालून आलं होतं, तेही त्यांनी याच पायी परत पाठवलं.”

ज्ञानेश खुर्चीतून अर्धवट उठला. “मी त्यांची माफी मागतो.”

“नको.” तिने ओढणी सारखी केली. “नोकरीचं मी सांगेन, सावकाश. तुम्ही फक्त ते वाक्य एकदा त्यांच्यासमोर म्हणा. तुम्हाला पाठच आहे.”