सगळंच महत्त्वाचं

"बाबा, भिंगांवर प्रश्न येईल?"

सरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "सगळंच महत्त्वाचं. सगळं कर."

"आणि घर्षण?"

"सगळंच महत्त्वाचं."

एवढं बोलून ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ग्लासभर पाणी घटाघटा प्यायले. घर्षणावरचे दोन प्रश्न त्यांनी स्वतः काढले होते.

ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. दुकानात, गल्लीत, सगळीकडे ते नुसते सर. त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला भौतिकशास्त्राचा भाग काढायचं काम त्यांच्याकडे आलं. काम मानाचं, पण तोंडाला कुलूप लावायचं. बायकोलाही पत्ता लागू द्यायचा नाही. घरातलं कुणी या परीक्षेला बसणार नाही, असंही लिहून द्यावं लागे. सरांनी ते बिनधास्त लिहून दिलं. धाकटी मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत, चित्रकलेला जाणार होती. घरभर तिचे रंग सांडलेले असायचे.

प्रश्न काढून झाले, पाकिटं मोहोरबंद होऊन गेली आणि एका संध्याकाळी बारकीने ब्रश धुऊन कपाटात ठेवले.

"मी डॉक्टर होणार," ती म्हणाली.

तिच्या आईला आनंदाने रडू आलं. सरांचं धाबं दणाणलं.

खरं तर तेव्हाच कळवायला हवं होतं. एवढासा कागद, चार ओळी. पण उद्या लिहू, परवा लिहू, असं करता करता इतका उशीर झाला की आता कळवायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या गळ्यात फास अडकवायचा. नोकरी गेली असती. परीक्षा रद्द होऊन लाखो मुलांना पुन्हा बसावं लागलं असतं, आणि बारकीला तर कुणी पुन्हा बसूही दिलं नसतं. दारावरची बेल वाजली तरी सर दचकत. खाई त्याला खवखवे म्हणतात. यांनी तर काही खाल्लंही नव्हतं.

आता एकच वाट उरली होती. बारकीला प्रश्नांचा सुगावाही लागू द्यायचा नाही. त्यांनी तिला शिकवायचंच बंद केलं.

"जगाला शिकवता, मग पोटच्या पोरीला का नाही?" बायकोने विचारलं.

"डॉक्टर घरच्यांवर ऑपरेशन करतो का? तिला क्लास लावलाय ना, तिथे शिकेल."

पण बारकी रोज संध्याकाळी पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून त्यांच्यासमोर बसायचीच. नखं कुरतडून तिची बोटं लाल झाली होती. "बाबा, लंबक येईल? उष्णता? चुंबक?" सर प्रत्येक धड्याला तेच उत्तर देत, त्याच आवाजात. आवाज हलू नये म्हणून कॉलेजच्या रिकाम्या वर्गात त्यांनी चक्क सरावही केला होता. मग कधी पाणी पिऊन येत, कधी नुसतं पान उलटत. बारकी पुस्तक मिटून गॅलरीत जाई आणि चष्मेवाल्या मैत्रिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत बसे. बिचारी, सर मनात म्हणत, मैत्रिणीपाशी मन मोकळं करते. आपल्याला तेवढीही सोय नाही.

बायकोच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे.

"एवढी तहान बरी नव्हे हं. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं."

"उकडतंय गं."

"पंखा डोक्यावर गरगरतोय आणि म्हणे उकडतंय!"

तिने त्यांना ओढत नेऊन साखर तपासून आणली. काहीच निघालं नाही. तेव्हा तिला आणखीच काळजी लागली.

एकदा सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून बारकी हमसून हमसून रडली. "मला नाही जमणार, बाबा. एवढं सगळं कसं करू?" सरांच्या जिभेच्या टोकावर शब्द आला. एक धडा, फक्त एका धड्याचं नाव. त्यांनी तो गिळला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सगळंच महत्त्वाचं, बाळा." त्या दिवशी त्यांना स्वतःचा राग आला, आणि थोडा अभिमानही वाटला.

परीक्षेच्या दिवशी ते केंद्राच्या फाटकाबाहेर उभे राहिले. एक गणवेशधारी माणूस यादी घेऊन पालकांमधून फिरत होता. तो जवळ आला तसे सर दोन पावलं मागे सरकले. त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, इतकंच.

शेवटची घंटा झाली. बारकी धावतच बाहेर आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"बाबा, भौतिक एकदम सोपं गेलं!"

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात कसलीच शंका नव्हती. सुटलो, त्यांना वाटलं. पोरीने आपल्या जोरावर मिळवलं, आणि आपल्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. कित्येक महिन्यांनी त्यांनी छातीभर श्वास घेतला.

तेवढ्यात चष्मेवाली मैत्रीण आली. तिच्यामागून क्लासच्या पोरापोरींचा घोळकाच आला, सगळे खुशीत. तिने पिशवीतून पाण्याची भरलेली बाटली काढून सरांच्या हातात दिली.

"काका, ही आमच्या अख्ख्या क्लासकडून," ती हसत म्हणाली. "तुम्ही ज्या ज्या धड्याला पाणी प्यायला उठलात, आम्ही सगळे तेवढेच धडे करून आलो होतो."