उचकीचं नाव

दुपारी जेवता जेवता शैलजाला उचकी लागली आणि सासूबाई नेहमीप्रमाणे नावं घेऊ लागल्या. पूर्वी हा नुसता खेळ होता. पण सगळा तालुका बुरशीच्या पिठाची भाकरी खाऊ लागला, तसे त्या एकाच बुरशीचे धागे सगळ्यांच्या पोटात गेले. आता कोणी मनापासून आठवण काढली की खरोखरच उचकी लागायची, आणि बरोबर नाव घेतलं की थांबायची.

“तुझी आई? चंदा? नाशिकची मावशी?”

उचकी थांबेना. पाणी पिऊन झालं. सासूबाईंचा हात ताटातच थबकला.

“दिगंबर,” त्या हळूच म्हणाल्या.

उचकी थांबली.

दिगंबर त्यांचा मुलगा, शैलजाचा नवरा. गेल्या श्रावणात तो वारला, तेव्हा हल्लीच्या रीतीप्रमाणे त्याला बुरशीच्या वाफ्यातच ठेवलं होतं.

शैलजाने हातातला घास खाली ठेवला. सासूबाईंनी तिच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि कोरडीच खायला घेतली.

“आई, ठसका लागेल. पाणी तरी घ्या.”

“नको,” त्या म्हणाल्या. “मला एकदाही लागली नाही गं त्याची.”

भाकरी संपवून त्या तोंड मिटून वाट बघत बसल्या.