दोन्ही बाजूंनी सुलट

सतरंजीला उलटी बाजू नसते, असं बाबा चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले. "डाग पडला की पालटा आणि खुशाल बसा." हात थरथरायला लागले तेव्हा हातमाग सुटला आणि ते माझ्याकडे राहायला आले, स्वतः विणलेली शेवटची सतरंजी घेऊन. सोमवारी त्यांच्या हातून तिच्यावर चहा सांडला. "धुऊ सावकाश," म्हणत मी ती पालटली. आज मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर बाबा ओल्या पायजम्यानिशी जमिनीवर बसून सतरंजीचा कोपरा उचलू पाहत होते. कोपरा बोटांतून सारखा निसटत होता. "जावई येतील गं एवढ्यात," ते म्हणाले. मी दुसरा कोपरा धरला. सतरंजी उलटली, तसा सोमवारचा डाग वर आला. दाराच्या कुलपात किल्ली फिरली. बाबा डागाकडे बघत राहिले. "तिसरी बाजू विणायला शिकलोच नाही बघ."